चैत्रगौरीपुढचा समुद्र

मी पहिला समुद्र पाहिला तो आमच्या जळगावच्या घरातल्या मधल्या खोलीत, आणि तो बांधलाही मीच होता. त्यात पाण्याचा थेंब नव्हता. उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळायची मारामार, समुद्राला कुठून देणार?

साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. आमचे हे कचेरीत कारकून. कामानिमित्त भुसावळला गेले की तिथल्या रद्दीच्या दुकानात डोकावल्याशिवाय यायचे नाहीत. रेल्वे कॉलनीतलं एखादं साहेबाचं कुटुंब गाव सोडून गेलं की त्यांची पुस्तकं त्या दुकानात यायची. एकदा ह्यांनी तिथून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. समुद्रातल्या जीवांचं, पानापानावर रंगीत चित्रं.

"घे," म्हणाले. "मराठी पुस्तकं तू दोन दिवसांत संपवतेस. हे पुरेल."

माझं शिक्षण सातवी. इंग्रजी अक्षरं लावून वाचता यायची, बाकी ह्यांच्या शाळेतल्या जुन्या शब्दकोशावर भिस्त. एक वाक्य समजेपर्यंत चुलीवरची डाळ शिजायची, आणि वाक्य लांब असलं तर करपायची. शिवाय मधली काही पानं गायब होती. रद्दीवाल्याने त्यात शेंगदाण्याच्या पुड्या बांधल्या असणार. त्या पानांतलं ज्ञान भुसावळकरांनी शेंगदाण्यांबरोबर खाल्लं आणि उरलेलं मला मिळालं, असं मी सगळ्यांना सांगायची.

पण उरलेलंही काय होतं म्हणून सांगू! समुद्राला मजले असतात. वरच्या मजल्यावर ऊन पोचतं. तिथे डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक वनस्पती तरंगत असतात आणि सगळ्या समुद्राचं पोट त्यांच्यावर चालतं. त्यांना बारके किडे खातात, किड्यांना मासे, माशांना मोठे मासे. आणि सगळ्यांत मोठा जो देवमासा, त्यातला एक प्रकार मधले सगळे सोडून बारक्यांवरच पोट भरतो. खाली खाली जावं तसा अंधार. अगदी तळाला जे राहतात ते वरून जे पडेल त्यावर जगतात. हे मला शब्दकोशाशिवाय समजलं. एकत्र कुटुंबात धाकटी सून म्हणून मी बरीच वर्षं काढली होती.

आता एवढं समजल्यावर गप्प कोण बसणार? मी तर नाहीच. सार्वजनिक नळावर पाणी यायच्या आधी बायका हंडे घेऊन थांबलेल्या असत, त्यांना मी समुद्र सांगायला लागले. बिचाऱ्या जाणार कुठे? नंबर गेला असता. मला एक खोड आहे. चार पानं वाचली की पाचवं मी मनानेच सांगते, आणि त्या चारांपेक्षा तेच जास्त रंगतं. संध्याकाळी हे घरी आले की चपला काढता काढता विचारायचे, "आज भरती का ओहोटी?"

माझं सगळं मन लावून ऐकणारी एकच, शेजारची भाभी. कापडाच्या दुकानवाल्या मारवाडी जैन घरातली सून, माहेर धुळ्याचं. माझ्यापेक्षा लहान, अंगाने काडी, बोलणं हळू. त्या वर्षी तिचं वर्षीतप चाललं होतं. म्हणजे एक दिवस कडक उपास, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. दुसऱ्या दिवशी जेवण, पुन्हा तिसऱ्या दिवशी उपास. असं वर्षभराहून जास्त. शेवट आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने पारणं. भाभीच्या आईने पूर्वी एकदा हे तप धरलं होतं, पण आजारपणात ते मधेच सुटलं. म्हणून आईचं राहिलेलं आपण पुरं करायचं, आणि पारणं धुळ्याला आईच्याच हातून करायचं, असं भाभीने मनाशी घेतलं होतं. त्या हाडकुळ्या पोरीच्या घशाखाली वर्षभर जे काही गेलं, ते त्या एका दिवसाकडे बघून गेलं.

तिची एक गोष्ट मला ठाऊक होती. साखरेचे हत्ती-घोडे मिळतात ना, ते त्यांच्या घरात कोणी खात नसे. मी एकदा तिच्या मुलाला साखरेचा पोपट दिला, तर तिने तो हळूच माझ्या हातात परत ठेवला.

"अगं, साखर तर आहे," मी म्हटलं.

"साखर आहे ताई, पण पोपट म्हणून केलाय ना? आकार दिला की मनात जीव आला. मग दाताखाली येतो तो जीवच."

मला तेव्हा हसू आलं होतं. पण लक्षात राहिलं.

तर त्या चैत्रात आमच्या घरी गौरीचं हळदीकुंकू. पायऱ्या मांडून वर गौर बसवायची आणि खाली आरास करायची, हे सगळ्याच करतात. पण सगळ्या करतात तसं केलं तर मी कसली? मी ठरवलं, पायऱ्या म्हणजे समुद्राचे मजले. डाव्या बाजूला वनस्पती, उजव्या बाजूला प्राणी, अगदी शास्त्राप्रमाणे. आणि प्रसादाचं सगळं डाव्या बाजूला करायचं, म्हणजे भाभीला शंका न घेता प्रसाद घेता येईल. पाहा माझी अक्कल! तिच्यासाठी म्हणून केलं मी ते.

नरडाण्याकडची माझी मावशी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. ती पाटावर बसून बघत होती. बोलणं सगळं अहिराणीत.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"समुद्र."

"देखेल शे का कधी?"

"नाही."

"मंग?"

मी तिला खसखस निवडायला दिली.

ती खसखस सगळ्यांत वरच्या पायरीवर, निळ्या लुगड्यावर भुरभुरली. त्या बारीक तरंगत्या वनस्पती. उजवीकडे भरताचं एक प्रचंड वांगं आडवं ठेवलं, तो देवमासा. आपल्याकडची वांगी अशी की देवमाशाला लाज वाटावी. देठाचं शेपूट झालं, डोळे मिऱ्यांचे. पाच भेंड्यांचा तारामासा, शेवयांच्या झालरीची छत्रीसारखी जेलीफिश, केळफुलाचा अष्टपाद. आणि एक साधी काकडी. तिच्यावर माझा फार जीव. समुद्रकाकडी नावाचा एक प्राणी असतो, आणि नाव काकडीचं असलं तरी तो प्राणी आहे, हे मी शब्दकोश लावून शोधून काढलं होतं. मी काही नावाला फसणारी नव्हे!

डावीकडे वनस्पती. तिथे पुस्तकातला मजकूर फार दाट होता, आणि हळदीकुंकू तर दोन दिवसांवर. म्हणून मी चित्रांवरून माझा स्वतःचा नियम केला: जे जागचं हलतं ते प्राणी, जे एका जागी चिकटून बसतं ते झाड. किती सोपं! हे पाठीमागे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. म्हणाले, "मग मी रविवारी कोण?"

"वनस्पती," मी म्हटलं. "आणि तीही बिनफळाची."

या नियमाने डावीकडे तळलेल्या कुरडयांची पोवळी आली. कुरडई आणि पोवळं यांचं वेटोळं बघाल तर सख्ख्या बहिणी. वाळलेल्या घोसाळ्याचा स्पंज आला. शेवग्याच्या पाल्याचं शेवाळ आलं. आणि मधोमध माझी सगळ्यांत सुंदर वस्तू. पुस्तकात एका अख्ख्या पानावर खडकाला धरून बसलेली गुलाबी, केशरी फुलं होती, शेवंतीसारखी भरगच्च पाकळ्यांची. ती मी खोबरं-साखरेच्या वडीची केली. एकेक पाकळी सुरीच्या टोकाने उचलून वळवली, गुलाबी रंग दिला. चित्राखाली बोटभर मजकूर होता. फुलाखाली काय लिहिणार, फुलाचंच काहीतरी असेल, असं म्हणून मी पान उलटलं.

हळदीकुंकवाला भाभी पहिली आली. तिचा जेवणाचा दिवस होता, दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं. तिने सगळे मजले डोळे भरून बघितले. मग डाव्या बाजूला आली.

"ताई, ही फुलंच ना?"

"फुलंच गं."

"पक्कं?"

"अगं, तुझ्यासाठीच वेगळी बाजू केलीय मी. इकडे एक जीव सापडला तर माझं नाव बदल!"

तिने दोन फुलं वाटीत घेतली, घरी नेली, जेवणात खाल्ली आणि तोंड धुऊन परत आली. "फार छान झालीत," म्हणाली. मी नुसती फुगले. तो फुगीर मासा असतो ना समुद्रात, तशी.

दिवेलागणीला मुलींच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई आल्या. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. आरास बघून त्यांना मनापासून आनंद झाला, हे खरं. एकेका पायरीपाशी थांबून म्हणायच्या, "वा! काकडीसुद्धा बरोबर बाजूला! कोणाला माहीत असतं हो हे?" मी मान खाली घालून लाजले. मग त्या डावीकडे वळल्या.

"फक्त पोवळं इकडे कसं आलं? पोवळं तर बारीक प्राण्यांनी बांधलेलं असतं."

"अच्छा," मी म्हटलं. कुरडई उचलून उजवीकडे ठेवली.

"आणि हा स्पंज, हासुद्धा प्राणीच."

घोसाळंही उजवीकडे गेलं.

"आणि ही तर किती हुबेहूब! आमच्याकडे ओहोटीला खडकाच्या डबक्यांत दिसतात ही. या पाकळ्या नव्हेत हो, हात आहेत. लहान मासा जवळून गेला की धरतात आणि गिळून टाकतात."

"कोण?" माझ्या तोंडून निघालं.

"हे प्राणी. फुलासारखे दिसतात एवढंच."

माझी अख्खी डावी बाजू रिकामी झाली. उरला तो शेवग्याचा पाला, आणि तो तर आमच्या परसातला. मावशी खुशीत ओरडली, "बठ्ठा जीवच शेतस, माय! मंग तुना झाडं कोठे गयात?"

बायका हसल्या. मीही हसायला तोंड उघडलं आणि भाभीकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिने पदर तोंडावर धरला होता.

"ताई, मासा खाणारा?" एवढंच म्हणाली. मग उठली, हळदीकुंकू लावून घेतलं, ओटीतले हरभरे घेतले आणि घरी गेली.

आखाजी आठवड्यावर आलेली. वर्षभराचं तप, आणि त्यात मासेखाऊ प्राण्याचा आकार तिच्या पोटात घातला तो मी, खात्री देऊन. दुसऱ्या दिवशी तिचा उपास होता. मी दारात गेले तेव्हा ती सूप घेऊन गहू पाखडत बसली होती. मला वाटलं होतं, रागावेल, म्हणजे मला रडता येईल. ती रागावली नाही.

"आईला काय सांगू, हेच कळत नाहीये," ती म्हणाली. "तिचं आजारपणाने मोडलं. माझं खोबऱ्याच्या वडीने."

"मोडलं असं कोण म्हणतं?"

"तेच विचारायचंय. स्थानकात महासतीजी आल्यात. त्यांनी विचारलं, वडी करणारीला माहीत होतं का? मी म्हटलं, तिलाच विचारा. ताई, तुम्ही याल?"

महासतीजी म्हणजे त्यांच्या साध्वी. स्थानक म्हणजे त्यांची धर्मस्थानाची जागा, आमच्या घरापासून दोन गल्ल्या. दुपारी गेलो. आत बायका बसलेल्या, त्यांत माझ्या नळावरच्याही दोघी-तिघी. महासतीजी वयस्कर, तोंडाला पांढरी पट्टी, बोलणं मारवाडी-हिंदी मिसळलेल्या मराठीत. मी नमस्कार करून बसले. आयुष्यात मला कोणी विद्वान म्हणावं म्हणून धडपडले, आणि आता चारचौघांत जाऊन सिद्ध करायचं होतं की मला काहीही कळत नाही. ते सिद्ध झालं तरच भाभीचं तप वाचणार.

"वडी करताना तुमच्या मनात काय होतं?"

"फूल, महाराज."

"हा जीव आहे हे माहीत होतं?"

"नाही."

"शंका आली होती?"

"शंका मला कधी येतच नाही, महाराज. तीच तर अडचण आहे."

त्यांच्या डोळ्यांच्या कडा जरा हलल्या. तेवढ्यात मागून नळावरची एक म्हणाली, "पण महाराज, ह्या तर रोज सांगतात, समुद्राचं आपल्याला सगळं माहीत आहे म्हणून!"

मेले! माझे सगळे हंडे माझ्या अंगावर उलटले. महासतीजी माझ्याकडे बघत राहिल्या. भाभी जमिनीकडे.

"सांगत होते, महाराज," मी म्हटलं. "माहीत नव्हतं. चित्राखाली लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नाही. इंग्रजी लांब होतं. आणि खरं सांगू का, जे मला कमी माहीत असतं तेच मी जास्त सांगते."

बायका खो खो हसल्या. मघाची नळावरची सगळ्यांत मोठ्याने.

महासतीजी हसल्या नाहीत. शांतपणे त्यांनी त्यांच्याकडची जीवांची मांडणी सांगितली. त्यांच्याकडे पाय, पंख, शेपूट बघून नव्हे, तर इंद्रियं किती यावरून जीवांचे वर्ग पाडतात. नुसता स्पर्श कळतो ते एका इंद्रियाचे. स्पर्श आणि चव कळते ते दोन इंद्रियांचे, त्यांत शंख आला, कवडी आली, जळू आली. मासा पाच इंद्रियांचा. मी थक्क होऊन ऐकत होते. माझ्या भुसावळच्या पुस्तकाला हे सुचलंच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "आणि पोवळं, ते पृथ्वीचं, दगड-मातीत येतं."

मी सरसावले. पोवळं प्राण्यांचं असतं, हे मला कालच कळलं होतं, अगदी ताजं! "पण महाराज, पोवळं तर..." एवढं तोंडातून गेलं आणि भाभीने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"पोवळं तर काय?" महासतीजींनी विचारलं.

"छान दिसतं," मी म्हटलं.

मग महासतीजी भाभीला म्हणाल्या, "करणारीच्या मनात फूल होतं. खाणारीच्या मनातही फूल होतं. तू विचारून खाल्लंस. तप मोडलं नाही. मनाला लागलंय म्हणून रोज एक माळ जास्त ओढ." भाभीने डोकं जमिनीला टेकवलं ते किती वेळ वर काढलंच नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही रोज दुपारी थोडा वेळ मौन धरा. न बघता बोललेलं कोणाच्या ताटात पडेल, सांगता येत नाही."

भाभीची माळ आखाजीपर्यंत चालली. माझं मौन घराच्या पायरीवर मोडलं, कारण मावशीने विचारलं, "काय म्हणनी ती?"

आरास उतरवली तेव्हा एक नवीच अडचण झाली. मावशी म्हणाली, "समिंदर ऱ्हाऊ दे, त्या वांगानं भरीत कर." चूल पेटलेली होती. मी वांगं हातात घेतलं, मिऱ्यांचे डोळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते निखाऱ्यावर ठेववेना. मी त्याला देवमासा केलं होतं ना! शेवटी तो सुरकुतलेला देवमासा गल्लीतल्या गाईने खाल्ला. समुद्रात कोण कोणाला खातं, याची मी जी साखळी सांगायची, तिच्यात गाय कुठेही नव्हती.

आखाजीला भाभी मलाही धुळ्याला घेऊन गेली. एस.टी.त मावशी होतीच, तिचं गाव पुढे. धुळ्याच्या स्थानकात तप पुरं करणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या, समोर उसाच्या रसाचे घडे. भाभीची आई काठी टेकत आली. हात इतके थरथरत होते की पहिला पेला भाभीने खालून हात लावून धरला. आईने पाजला, लेक प्यायली, आणि त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी छताकडे बघत राहिले.

मग घरच्या सगळ्यांनी एकेक घोट पाजला. शेवटी भाभीने मला हाक मारली. मी म्हटलं, "अगं, मी कशाला, मी तर..." तरी तिने पेला माझ्या हातात दिलाच. मी तो तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड मागे घेतलं आणि आईला, सासरच्यांना, ओळीतल्या सगळ्या तपवाल्या बायकांना ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, यात जीव तर नाही ना? पक्कं?"

मला उसाचं सगळं माहीत होतं. लहानपणी मळ्यात वाढले मी. गवताच्या जातीचा, पेरं लावून येतो, सगळं.

"मला काही माहीत नाही, बाई," मी म्हटलं.

ती हसली आणि पेला रिकामा केला.